मुद्रित आणि अमुद्रित : स्पॅनिश संगीताच्या 'सुवर्णयुगा'च्या व 'ऱ्हासा'च्या कालविभागाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

युरोपीय संगीताच्या सर्वसाधारण इतिहासग्रंथांत स्पेनविषयीचे प्रकरण बहुधा ठरावीक साच्याचे असते. सोळाव्या शतकात मोरालेस, गेरेरो आणि विक्तोरिया या तीन रचनाकारांनी स्पॅनिश धार्मिक संगीत इटलीच्या तोडीस नेले. त्याच काळात विउएला आणि ऑर्गन या वाद्यांसाठी मौलिक रचना झाल्या. १६११ मध्ये विक्तोरियाचा मृत्यू झाला आणि तेथून ऱ्हासास प्रारंभ झाला, अशी ही मांडणी आहे. बरोक काळासाठी मग एक-दोन परिच्छेद उरतात. त्यात गिटारचा ओझरता उल्लेख येतो आणि अठराव्या शतकात इटालियन संगीतकारांनी माद्रिदचा दरबार व्यापला असे सांगून प्रकरण संपते.

या मांडणीत एक विसंगती आहे. ज्या चौथ्या फिलिपच्या (राज्यकाल १६२१–१६६५) दरबारात व्हेलास्केस चित्रे काढत होता आणि काल्देरोन नाटके लिहीत होता, त्याच दरबारातील संगीत मात्र निस्तेज होते असे आपण मानतो. चित्रकला आणि नाट्य यांचे सुवर्णयुग सतराव्या शतकात ठेवावयाचे आणि संगीताचे मात्र सोळाव्या शतकातच संपवावयाचे, यास कारण काय? राजा स्वतः संगीत शिकलेला होता. त्याचा गुरू मातेओ रोमेरो हा राजचॅपेलचा संगीतप्रमुख होता. राजाश्रयाचा अभाव हे कारण त्यामुळे टिकत नाही.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, 'ऱ्हासा'ची ही कल्पना मुख्यतः साधनांच्या स्वरूपातून निर्माण झाली. सोळाव्या शतकातील संगीत छापले गेले. सतराव्या शतकातील बव्हंशी हस्तलिखितांतच राहिले आणि त्या हस्तलिखितांचे मोठे साठे आगीत, भूकंपात व युद्धात नष्ट झाले. इतिहासकारांनी उपलब्ध कागदांवरून इतिहास लिहिला आणि कागदांच्या अभावाला कलेचा अभाव समजले.

छापलेल्या ग्रंथांचे शतक

आरंभीच्या काळाचे प्रमुख साधन हस्तलिखितच आहे. इसाबेला आणि फर्नांडो यांच्या काळातील दरबारी गीतांचा 'कान्सिओनेरो दे पालासिओ' हा संग्रह माद्रिदच्या राजवाड्याच्या ग्रंथालयात होता. साडेचारशेहून अधिक रचनांचा हा संग्रह फ्रान्सिस्को आसेन्हो बार्बिएरी याने १८९० मध्ये प्रसिद्ध केला. हुआन देल एन्सिना या कवी-नाटककार-संगीतकाराच्या साठाहून अधिक रचना त्यात आहेत. ही एक पोथी राहिली नसती, तर पंधराव्या शतकाच्या अखेरच्या स्पॅनिश लौकिक गीतांबद्दल आपणास फारच थोडे सांगता आले असते. एका पोथीवर एका युगाची कीर्ती अवलंबून असणे हा पुढील विवेचनाच्या दृष्टीने सूचक प्रकार आहे.

यानंतरचे चित्र मुद्रणाने बदलते. सेव्हिलचा क्रिस्तोबाल दे मोरालेस १५३५ ते १५४५ पर्यंत रोममध्ये पोपच्या चॅपेलात गायक होता. त्याच्या मिस्सा-संगीताचे दोन खंड १५४४ मध्ये रोम येथेच छापले गेले आणि तेथून त्याच्या रचना युरोपभर गेल्या. १५५९ मध्ये मेक्सिको शहरात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या स्मरणार्थ झालेल्या अंत्यविधीतही त्याचे संगीत गायिले गेले. स्पेनमध्ये मोठ्या आकाराचे संगीतग्रंथ छापू शकणारे मुद्रक फारच थोडे असल्यामुळे स्पॅनिश रचनाकाराची कीर्ती बरीचशी रोम व व्हेनिस येथील छापखान्यांवर अवलंबून होती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण फ्रान्सिस्को गेरेरो (१५२८–१५९९) याचे आहे. तो जवळजवळ सारे आयुष्य सेव्हिलच्या कॅथीड्रलच्या सेवेत राहिला. परंतु त्याचे ग्रंथ सेव्हिल, लूव्हाँ, पॅरिस, रोम आणि व्हेनिस अशा ठिकठिकाणी छापले गेले. १५८८ मध्ये तो व्हेनिसला गेला तो आपल्या ग्रंथांच्या छपाईसाठी. तेथून जेरुसलेमच्या यात्रेस निघताना त्याने मुद्रणाची देखरेख प्रसिद्ध संगीतशास्त्रज्ञ त्सार्लिनो याच्याकडे सोपविली. परतीच्या समुद्रप्रवासात त्याला चाच्यांनी लुबाडले. पुढे १५९१ मध्ये, मुख्यतः छपाईच्या कर्जापायी, त्याला तुरुंगात जावे लागले आणि कॅथीड्रलच्या धर्ममंडळाने ते कर्ज फेडून त्याची सुटका केली. स्पेनमधील एका अत्यंत प्रतिष्ठित संगीतप्रमुखाची जर ही स्थिती, तर सामान्य रचनाकाराने आपले संगीत छापण्याचा विचार का केला नसेल, हे समजण्यासारखे आहे.

तोमास लुइस दे विक्तोरिया या बाबतीत अधिक सुदैवी आणि अधिक व्यवहारदक्षही होता. आविला प्रांतात जन्मलेला हा रचनाकार तरुणपणीच रोमच्या जर्मन कॉलेजात गेला. १५७२ मध्ये त्याचा पहिला मोटेट-संग्रह व्हेनिस येथे निघाला. स्पेनमध्ये परतल्यावर त्याने माद्रिदच्या देस्काल्सास रेआलेस मठात सम्राज्ञी मारिया हिच्या सेवेत उर्वरित आयुष्य काढले. १६०० चा त्याचा बहुवृंदगायनाचा संग्रह माद्रिदमध्येच छापला गेला. १६०३ मध्ये सम्राज्ञी मरण पावली. तिच्यासाठी रचलेले मृतांच्या विधीचे सहास्वरी संगीत १६०५ मध्ये ग्रंथरूपाने आले. विक्तोरियाने आपल्या ग्रंथांच्या प्रती दूरदूरच्या धर्मपीठांना आणि राजेरजवाड्यांना स्वतः पाठविल्या व मोबदलाही मागितला. त्याच्या प्रतिभेचे मूल्य यत्किंचितही कमी न करता असे म्हणता येईल की, तो आज आपल्यासमोर संपूर्ण उभा आहे याचे अर्धे श्रेय या खटपटीला आहे.

वाद्यसंगीतातही हेच आढळते. विउएला हे गिटारच्या आकाराचे, परंतु ल्यूटप्रमाणे स्वर मिळविलेले तंतुवाद्य. लुइस मिलानच्या १५३६ च्या 'एल माएस्त्रो'पासून एस्तेबान दासाच्या १५७६ च्या ग्रंथापर्यंत या वाद्याचे केवळ सात मुद्रित ग्रंथ आहेत. लुइस दे नार्व्हाएस (१५३८), आलोन्सो मुदारा (१५४६), एन्रिकेस दे व्हाल्देराबानो (१५४७), दिएगो पिसादोर (१५५२) आणि मिगेल दे फुएन्याना (१५५४) हे मधले पाच ग्रंथकार. या ग्रंथांतील स्वरलेखन अंकांचे असते : रेषा म्हणजे तारा आणि अंक म्हणजे बोट कोठे ठेवावयाचे ती जागा. अंक व रेषा समजल्या की हौशी वादकासही वाजविता येत असे. शास्त्रज्ञ नसलेल्या, पण वाचू शकणाऱ्या व पैसे खर्च करू शकणाऱ्या नागरी वर्गाची चाहूल येथे लागते. फुएन्यानाच्या ग्रंथाच्या एक हजार प्रती काढण्याचा करार उपलब्ध आहे, यावरून या वर्गाचा अंदाज येतो. मात्र १५७६ नंतर विउएलाचा एकही ग्रंथ छापला गेला नाही, म्हणून त्या वर्षी हे वाद्य घराघरांतून नाहीसे झाले असे कोणी मानत नाही. सतराव्या शतकाच्या धार्मिक संगीताला मात्र हा न्याय कोणी लावला नाही.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह होतो. या शतकातील स्पॅनिश संगीताचे तीन महत्त्वाचे ग्रंथ अंध व्यक्तींचे आहेत. फुएन्याना अंध होता. सालामांका विद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्सिस्को दे सालिनास अंध होता. १५७७ मधील त्याच्या लॅटिन ग्रंथात छंदांच्या चर्चेसाठी लोकगीतांच्या चाली उदाहरणादाखल नोंदविल्या आहेत, आणि त्यांतील अनेकींची अन्यत्र नोंदही नाही. तिसरा आंतोनिओ दे काबेसोन (१५१०–१५६६), दुसऱ्या फिलिपचा ऑर्गनवादक. राजपुत्राच्या परिवारातून तो इटली, जर्मनी, नेदरलँड्स आणि इंग्लंड येथे जाऊन आला. त्याच्या रचना त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५७८ मध्ये, मुलगा एर्नान्दो याने छापल्या. प्रस्तावनेत मुलगा सांगतो की, हे वडिलांच्या पंगतीतून सांडलेले तुकडे होत. शिष्यांना शिकविताना जे लिहविले तेवढेच येथे आहे. ऑर्गनसमोर बसून काबेसोन प्रत्यक्ष जे वाजवीत असे ते कधी लिहिलेच गेले नाही. आपण ज्याला सोळाव्या शतकातील सर्वोच्च वाद्यसंगीत समजतो, ते त्याच्या मुलाच्या मते उष्टे होते! मुद्रित ग्रंथ म्हणजे त्या काळचे संगीत नव्हे, याची याहून स्पष्ट साक्ष कोणती द्यावी?

एका सणापुरते संगीत

सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकानंतर स्पेनमध्ये बहुस्वरी धार्मिक संगीताचे मोठे ग्रंथ छापणे जवळजवळ थांबले. देशाची आर्थिक दुरवस्था आणि संगीताच्या मुद्रकांची टंचाई ही त्याची कारणे उघड आहेत. त्यांहून महत्त्वाचे कारण संगीताच्या उपयोगात झालेल्या बदलात आहे असे वाटते.

कॅथीड्रलच्या संगीतप्रमुखाचे मुख्य काम आता विल्यान्सिको रचणे हे झाले होते. विल्यान्सिको हा मूळचा लौकिक गीतप्रकार. ध्रुवपद आणि कडवी असे त्याचे स्वरूप. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो चर्चमध्ये शिरला आणि सतराव्या शतकात नाताळ, तीन राजांचा सण व ख्रिस्तशरीराचा सण यांच्या विधींत त्याने लॅटिन पदांच्या बरोबरीने स्थान मिळविले. तो देशी भाषेत असे. गुराखी, गावंढळ, पोर्तुगीज, जिप्सी, आफ्रिकी गुलाम अशी पात्रे त्यात येत आणि त्यांची बोली वेडीवाकडी करून गायिली जाई. (या विनोदात आजच्या वाचकास टोचेल असा उपहास पुष्कळ आहे, त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही.) दुसऱ्या फिलिपने १५९६ मध्ये राजचॅपेलात देशी भाषेतील अशा गायनास मनाई केल्याचे नोंदविले जाते, पण त्याच्या मुलाच्या व नातवाच्या काळात ही गीते राजचॅपेलात भरभराटीस आली.

दरवर्षी नवीन विल्यान्सिको हवे असत. ते रचण्यासाठी संगीतप्रमुखास सणापूर्वी काही आठवडे इतर कामांतून मोकळीक दिली जाई. गतवर्षीचे गीत पुन्हा गाणे कमीपणाचे मानले जाई. असे संगीत छापून काय करावयाचे? प्रत्येक गायकासाठी सुट्या पानावर त्याची स्वरपंक्ती उतरवून घेतली की काम भागे. छापले जाई ते फक्त गीताचे शब्द. श्रोत्यांना वाटण्यासाठी काढलेल्या अशा पुस्तिका आजही फार मोठ्या संख्येने ग्रंथालयांत आहेत. मेक्सिकोतील कवयित्री सोर हुआना इनेस दे ला क्रुस हिने १६७६ नंतर तेथील कॅथीड्रलांसाठी लिहिलेली विल्यान्सिको-पदे आपण वाचू शकतो. त्यांचे त्या वेळचे संगीत बहुतांशी गेले आहे. वाङ्मयाच्या इतिहासकाराला हे युग समृद्ध दिसते आणि संगीताच्या इतिहासकाराला रिकामे, याचे कारण असे अगदी साधे आहे : शब्द छापले गेले, स्वर छापले गेले नाहीत.

ऑर्गनसंगीताची स्थिती यास समांतर आहे. फ्रान्सिस्को कोरेआ दे आराउहो याचा ग्रंथ १६२६ मध्ये आल्काला येथे छापला गेला. त्यानंतरच्या पिढीतील श्रेष्ठ ऑर्गनवादक हुआन काबानिलेस (१६४४–१७१२) याने व्हॅलेन्सियाच्या कॅथीड्रलात १६६५ पासून सुमारे सत्तेचाळीस वर्षे सेवा केली, विपुल रचना केली, परंतु हयातीत त्याचे काहीही छापले गेले नाही. त्याचे संगीत इतरांनी उतरवून घेतलेल्या प्रतींतून आले आणि त्याचे व्यवस्थित संपादन १९२७ पासून इहिनी आंग्लेस याने सुरू केले. मृत्यूपासून दोनशेहून अधिक वर्षांनी!

या काळात छापली गेली ती गिटारची पुस्तके. कारण त्यांना गिऱ्हाईक होते. हुआन कार्लोस आमात याची लहानशी पुस्तिका सोळाव्या शतकाच्या अखेरीस निघाली आणि अठराव्या शतकापर्यंत पुनःपुन्हा छापली गेली. गास्पार सान्सचा ग्रंथ १६७४ मध्ये सारागोसा येथे निघाला. फ्रान्सिस्को गेराउचा १६९४ मध्ये. परिणामी स्पॅनिश बरोक म्हणजे गिटार असे समीकरण रूढ झाले. होआकिन रोद्रिगोने १९५४ मध्ये सान्सच्या रचनांवर आधारलेली गिटार व वाद्यवृंदाची कृती लिहिल्यावर ते अधिकच दृढ झाले. सान्स थोर आहे यात संशय नाही. परंतु छापखान्याने निवडलेला नमुना हा संपूर्ण युगाचा नमुना नसतो.

रंगभूमी : दोन संगीतनाटकांचे दैव

१६२७ मध्ये लोपे दे व्हेगाचे आद्यंत गायिले जाणारे नाटक माद्रिदच्या दरबारात झाले. त्याचे संगीत उपलब्ध नाही. १६५७ च्या सुमारास, सारसुएला नावाच्या राजप्रासादाशी जोडलेल्या प्रयोगांतून, संवाद आणि गायन यांची मिसळ असलेला एक नाट्यप्रकार आकारास आला आणि त्या प्रासादाचेच नाव त्याला पडले. १६५९ मध्ये फ्रान्सशी तह झाला. राजकन्या मारिया तेरेसा आणि चौदावा लुई यांच्या विवाहाच्या निमित्ताने काल्देरोनने १६६० मध्ये संपूर्ण गायनाची दोन नाटके लिहिली : 'ला पुर्पुरा दे ला रोसा' आणि तीन अंकी 'सेलोस आउन देल आइरे मातान'. संगीत राजचॅपेलातील हार्पवादक हुआन इदाल्गो (१६१४–१६८५) याचे. त्यांतील भूमिका बहुतांशी गायिका-नटींनी केल्या. इटालियन ऑपेराचे हे अनुकरण नव्हते. इदाल्गोचे संगीत कडव्यांच्या आवर्तनावर उभे आहे. एकच चाल पुनःपुन्हा येते, शब्द बदलत जातात आणि त्या चालीचा अर्थही बदलत जातो.

ही दोन्ही नाटके छापील संहितेच्या रूपाने काल्देरोनच्या अभ्यासकांना सदैव उपलब्ध होती. संगीत नव्हते. दुसऱ्या नाटकाच्या पहिल्या अंकाचे संगीत होसे सुबिरा याला आल्बाच्या सरदार घराण्याच्या ग्रंथालयात सापडले व त्याने ते १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे पोर्तुगालमधील एव्होरा येथे तिन्ही अंकांची पोथी उजेडात आली. पहिल्या नाटकाचा प्रवास अधिक दूरचा आहे. इदाल्गोचे मूळ संगीत स्वतंत्रपणे उरले नाही. परंतु १६६७ मध्ये पेरूला गेलेला आणि पुढे लिमा कॅथीड्रलचा संगीतप्रमुख झालेला तोमास दे तोरेहोन इ व्हेलास्को याने त्याच संहितेवर रचलेले संगीत १७०१ मध्ये लिमा येथे, पाचव्या फिलिपच्या अठराव्या वाढदिवसानिमित्त, सादर झाले. ती पोथी लिमातच जतन झाली. नव्या जगात लिहिलेला हा पहिला ज्ञात ऑपेरा होय.

हे पुन्हा पुन्हा आढळते. चौथ्या फिलिपच्या दरबारातील लौकिक गीतांचा उत्कृष्ट संग्रह, म्हणजे क्लाउदिओ दे ला साब्लोनारा याने १६२५ च्या सुमारास उतरवलेली पंचाहत्तर गीते, आज म्यूनिकमध्ये आहे. कारण माद्रिदला आलेल्या एका जर्मन ड्यूकला ती भेट मिळाली. सांतियागो दे मुर्सियाची एक गिटार-पोथी १९४३ मध्ये मेक्सिकोतील लेओन येथे गाब्रिएल साल्दिव्हारला मिळाली. दोमेनिको स्कार्लात्ती १७५७ मध्ये माद्रिद येथे मरण पावला. त्याच्या साडेपाचशेहून अधिक सोनातांपैकी त्याने स्वतः अवघ्या तीस छापल्या (१७३८) आणि उरलेल्यांच्या मुख्य पोथ्या आज व्हेनिस व पार्मा येथे आहेत. जे माद्रिदबाहेर गेले ते वाचले.

जे माद्रिदमध्ये राहिले

२४ डिसेंबर १७३४ च्या रात्री माद्रिदच्या आल्कासार राजवाड्याला आग लागली. शेकडो चित्रे जळाली. व्हेलास्केसच्या 'लास मेनिनास'सह अनेक चित्रे मात्र वाचविण्यात आली. राजचॅपेलचा संगीतसंग्रह गेला. शतकभराहून अधिक काळ साठत आलेल्या मिस्सा, स्तोत्रे व विल्यान्सिको यांच्या पोथ्या एका रात्रीत नष्ट झाल्या. त्यानंतर होसे दे तोरेस, होसे दे नेब्रा यांसारख्या संगीतकारांना चॅपेलसाठी नव्याने संगीत उभे करावे लागले. पुढे १८११ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने मोन्सेरातचा मठ उद्ध्वस्त केला आणि १८३६ मध्ये मठांच्या मालमत्तेच्या सरकारजमेमुळे अनेक ठिकाणचे संग्रह विखुरले.

नेमके याच पोकळीत एकोणिसाव्या शतकातील संपादन सुरू झाले. फेलिप पेद्रेलने १८९४ ते १८९८ मध्ये काढलेल्या धार्मिक संगीताच्या आठ खंडांत मोरालेस, गेरेरो व काबेसोन यांना मानाचे स्थान होते; १९०२ पासून विक्तोरियाचे समग्र संगीत लायपझिग येथे निघू लागले. संपादकाला छापील ग्रंथ हाती असणे सोयीचे होते. पेद्रेलने सतराव्या शतकातील नाट्यसंगीताकडेही लक्ष दिले होते हे मान्य करावयास हवे. परंतु अभ्यासक्रमात शिरले ते धार्मिक खंड. शिवाय ऱ्हासाच्या कल्पनेला एक जुना साक्षीदारही मिळाला. बेनितो फेइहो या विद्वान धर्मगुरूने १७२६ मध्ये चर्चमधील संगीतावर निबंध लिहून व्हायोलिन, इटालियन थाट आणि सेबास्तियान दुरोन (१६६०–१७१६) यांना दोषी ठरविले होते. दुरोन तेव्हा हयात नव्हता. वारसायुद्धात पराभूत पक्षाची बाजू घेतल्यामुळे १७०६ मध्ये त्याची हद्दपारी झाली होती आणि तो फ्रान्समध्येच वारला. फेइहोचा निबंध अभिरुचीतील बदलाविषयीचा आहे. संगीत निर्माण होत नव्हते असे तो म्हणत नाही, उलट ते फारच होत होते अशी त्याची तक्रार आहे. नंतरच्या लेखकांनी मात्र त्याचा उपयोग मृत्युलेखासारखा केला.

यावर आक्षेप घेता येईल : जे नष्ट झाले ते चांगले होते हे कशावरून? हा आक्षेप रास्त आहे. हरवलेल्या पोथीच्या दर्जाविषयी बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि ऱ्हासाच्या जागी आणखी एक सुवर्णयुग बसविण्याचा येथे हेतू नाही. परंतु इदाल्गो, काबानिलेस, मोन्सेरातचा जोआन सेरेरोल्स (१६१८–१६८०) यांचे जे योगायोगाने उरले त्याचा दर्जा तरी ऱ्हासाच्या निष्कर्षास पुष्टी देत नाही. जे होते त्याच्या संख्येबद्दल तर एक स्वतंत्र पुरावाच आहे.

हा पुरावा लिस्बनचा आहे. १५८० ते १६४० पर्यंत पोर्तुगाल स्पेनच्या राजांच्या अमलाखाली होते (गोवाही ओघानेच त्यात आला, आणि जुन्या गोव्यातील संत मोनिका मठाच्या धर्मभगिनी विल्यान्सिको गात असल्याच्या नोंदी आहेत). १६४० मध्ये स्वतंत्र पोर्तुगालच्या गादीवर आलेला चौथा जोआंव हा स्वतः रचनाकार होता व त्याने संगीताचे प्रचंड ग्रंथालय जमविले. त्याच्या सूचीचा पहिला भाग १६४९ मध्ये लिस्बन येथे छापला गेला. त्यात दोन हजारांहून अधिक विल्यान्सिकोंची नोंद आहे. त्यांत स्पॅनिश रचनाकारांचा वाटा मोठा आहे. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत ते ग्रंथालय राजवाड्यासह नाहीसे झाले. सूची उरली. तिच्यात गीताचे आरंभीचे शब्द आहेत, रचनाकाराचे नाव आहे, किती कंठांसाठी ते रचले होते तेही आहे. आणि त्यांपैकी बहुसंख्य गीतांची आज तेवढीच एक ओळ शिल्लक आहे.